किल्ला जमतो, तर ग्रहण का नाही?

दिवाळी जवळ आली की बेळगावची मुले मातीत हात घालतात. खडेबाजाराच्या मागच्या गल्ल्यांपासून शहापूर, वडगाव, अनगोळपर्यंत आणि तिकडे निपाणीतही रायगड, राजगड, प्रतापगड उभे राहू लागतात. या किल्ल्यांमागचे काम नीट पाहिले तर कौतुक वाटावे असेच असते. बालेकिल्ला कुठे, माची किती लांब, महादरवाजा कोणत्या अंगाला, यावर सहावी-सातवीतली मुले नकाशे आणि फोटो समोर ठेवून वाद घालतात. पाणी मारल्यावर बुरूज खचला, तर तो का खचला ते शोधतात, माती बदलतात, आत विटांचा आधार देतात आणि पुन्हा रचतात. त्याच मुलांना शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी मॉडेल करायला सांगितले की चित्र पालटते. थर्माकोल, रंग, दिव्यांची माळ आणि छापील तक्ता यांची खरेदी होते. आई-वडील नाहीतर थोरला भाऊ रात्री जागून ज्वालामुखी किंवा सूर्यमाला चिकटवतो आणि मूल दुसऱ्या दिवशी पाठ केलेली चार वाक्ये परीक्षकांपुढे म्हणून दाखवते. मुले तीच असतात, हातही तेच असतात. बदलते ते आपण त्यांच्याकडून काय मागतो ते. सहावी ते आठवीच्या विज्ञानात मॉडेल हे उत्तर शोधण्याचे साधन झाले पाहिजे. ते चुकण्याची, तपासण्याची आणि दुरुस्त करण्याची मुभा असेल तरच त्यातून विज्ञान कळते. आणि शाळेने गुण द्यायचे ते त्या दुरुस्तीला, असे माझे मत आहे.

शास्त्रज्ञ मॉडेल करतात ते लोकांना दाखवण्यासाठी करत नाहीत. न दिसणाऱ्या गोष्टीबद्दलचा आपला अंदाज बरोबर आहे का, हे पडताळण्यासाठी करतात. डीएनएची रचना शोधताना वॉटसन आणि क्रिक यांनी १९५१ मध्ये तीन पदरांचे मॉडेल उभे केले. रोझलिंड फ्रँकलिन यांनी ते पाहताच त्यातली चूक दाखवली आणि ते मोडीत निघाले. १९५३ च्या फेब्रुवारीत वॉटसन डीएनएतल्या घटकांच्या आकाराचे पुठ्ठ्याचे कापलेले तुकडे टेबलावर जुळवत बसले होते, तेव्हा कुठे जोड्या नेमक्या बसल्या आणि दोन पदरांची रचना हाती आली. आपल्याकडचे उदाहरणही तितकेच बोलके आहे. मद्रास विद्यापीठात जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्था यांनी कातडी, हाडे, स्नायुबंध यांत असणाऱ्या कोलॅजेन या प्रथिनाची तीन पदरी रचना १९५४ मध्ये मांडली आणि पुढच्याच वर्षी, १९५५ मध्ये, स्वतःच ती सुधारली. पहिले मॉडेल चुकले म्हणून त्यांचे काही उणे झाले नाही. दुसऱ्याकडे जाण्याची वाट त्या पहिल्यातूनच निघाली. आपल्या प्रदर्शनांत मात्र चुकलेल्या मॉडेलला जागाच नसते. टेबलावर येते ते आधीच ठरलेले, कुणीतरी आधीच करून ठेवलेले उत्तर.

दर अमावास्येला सूर्यग्रहण का होत नाही, हा साधा प्रश्न घ्या. पुस्तकातल्या चित्रात सूर्य, चंद्र, पृथ्वी एका ओळीत हातभर जागेत बसवलेले असतात. ते पाहून खरे तर मुलाला दर महिन्याला ग्रहण दिसायला हवे. आता हेच मापाने करून पाहू. पृथ्वी म्हणून १ सेंटिमीटरचा मणी घेतला, तर चंद्र पावणेतीन मिलिमीटरचा होतो आणि तो पृथ्वीपासून ३० सेंटिमीटरवर, म्हणजे शाळेच्या पट्टीच्या दुसऱ्या टोकाला येतो. सूर्याचा गोळा १०९ सेंटिमीटरचा होतो आणि तो ठेवावा लागतो जवळपास ११७ मीटरवर. शाळेचे अंगण त्याला पुरत नाही. सकाळी दुकाने उघडण्याआधी खडेबाजाराच्या रस्त्यावरच हे मांडावे लागेल. चंद्राची कक्षा पृथ्वीच्या कक्षेशी सुमारे ५ अंशांनी कललेली आहे. ३० सेंटिमीटरवर ५ अंश म्हणजे तो बारीक मणी अडीच सेंटिमीटरहून अधिक वर किंवा खाली जाऊ शकतो. पृथ्वीच मुळी १ सेंटिमीटरची, त्यामुळे चंद्राची सावली बहुतेक वेळा तिच्या वरून नाहीतर खालून निघून जाते. पट्टी, दोन मणी आणि कोनमापक घेऊन बसलेला पाच जणांचा गट हे स्वतः शोधू शकतो. एकदा शोधले की ग्रहण दर अमावास्येला का नसते आणि कधीकधीच का असते, हे त्याला पुन्हा सांगावे लागत नाही.

याच मांडणीवर ऋतूंचा प्रश्नही सोडवता येतो. उन्हाळ्यात पृथ्वी सूर्याच्या जवळ जाते, अशी अनेक मोठ्या माणसांचीही समजूत असते. १९८७ च्या ‘अ प्रायव्हेट युनिव्हर्स’ या माहितीपटात हार्वर्डच्या पदवीदान समारंभात २३ विद्यार्थी, माजी विद्यार्थी आणि प्राध्यापकांना ऋतू किंवा चंद्रकला यांचे कारण विचारले, तर त्यांतल्या २१ जणांची उत्तरे चुकली. रस्त्यावरच्या मॉडेलमध्ये पृथ्वी सर्वांत जवळ येते तेव्हा सूर्यापासून सुमारे ११५ मीटरवर असते आणि सर्वांत दूर जाते तेव्हा ११९ मीटरवर. फरक जेमतेम ४ मीटरचा. शिवाय ती जवळ असते जानेवारीच्या सुरुवातीला, बेळगावात स्वेटर बाहेर निघतात तेव्हा. म्हणजे अंतराचा अंदाज मापानेच खोडून निघतो आणि पृथ्वीच्या साडेतेवीस अंशांच्या कलाकडे मुले आपसूक वळतात. इथे न थांबता आणखी एक प्रश्न विचारावा. बेळगावात सूर्य मेच्या सुरुवातीला बरोबर डोक्यावर येतो आणि ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात पुन्हा एकदा येतो. मग मे तापतो आणि ऑगस्टमध्ये गारठा का? दिवा आणि पृथ्वीगोल यांच्या मॉडेलमध्ये याचे उत्तर नाही, कारण त्यात ढग नाहीत, पाऊस नाही. आपले मॉडेल कुठे संपते हे मुलाला कळणे, हा या अभ्यासातला सर्वांत मोलाचा भाग आहे.

मुलांच्या डोक्यात आधीच एक मॉडेल असते आणि ते आपल्याला दिसत नाही, हे संशोधनाने पुरेसे दाखवून दिले आहे. स्टेला वोस्नियाडू आणि विल्यम ब्रुअर यांनी १९९२ मध्ये अमेरिकेतल्या प्राथमिक शाळांतील मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पृथ्वी गोल आहे हे वाक्य मुलांना येत होते. खोदून विचारल्यावर मात्र कुणाची पृथ्वी थाळीसारखी चपटी निघाली, तर कुणाची पोकळ गोळ्यासारखी, ज्याच्या आत सपाट जमिनीवर माणसे राहतात. मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रातील संशोधकांनी महाराष्ट्रातल्या ग्रामीण, आदिवासी आणि शहरी वस्त्यांतल्या शाळकरी मुलांबरोबर याच विषयावर काम केले. पाठ्यपुस्तकातली माहिती मुलांकडे होती, पण ती वापरून दिवस-रात्र किंवा चंद्रकला समजावून सांगणे त्यांना अवघड जात होते. प्रत्यक्ष वस्तू, हातवारे आणि आकृत्या यांची सांगड घालून शिकवल्यावर त्यात सुधारणा दिसली. लेखी परीक्षेत ‘पृथ्वी गोल आहे’ याला गुण मिळतो आणि आतली चपटी पृथ्वी तशीच राहते. मुलाला मातीची पृथ्वी करायला लावा आणि तिच्यावर माणूस उभा करायला सांगा. त्याच्या मनात काय आहे ते दोन मिनिटांत शिक्षकांसमोर येते.

शरीराच्या बाबतीतही हेच लागू पडते. प्लॅस्टिकच्या बाटलीचा तळ कापून तिथे फुग्याचे रबर ताणून बसवायचे आणि आत दुतोंडी नळीला दोन फुगे बांधायचे, हे श्वसनाचे मॉडेल बहुतेक शाळांना माहीत आहे. रबर खाली ओढले की फुगे फुगतात, सगळे टाळ्या वाजवतात आणि पुढचा धडा सुरू होतो. खरा धडा टाळ्यांनंतर आहे. फुगे फुगले म्हणून हवा आत गेली, की हवा आत गेली म्हणून फुगे फुगले? वर्गात यावर दोन तट पडतात. रबर ओढल्याने बाटलीतली जागा वाढली, आतला दाब कमी झाला आणि बाहेरच्या हवेने आत शिरून फुगे फुगवले, इथपर्यंत येताना मुलांना दाब, आकारमान आणि स्नायू यांची एकत्र जुळणी करावी लागते. बाटलीला टाचणीने भोक पाडले की मॉडेल बंद पडते. तेवढ्यावरून छातीला आरपार जखम झाली तर फुप्फुस का मिटते, हे सातवीच्या मुलाला कळू शकते. मग शेवटचा प्रश्न: या बाटलीत आणि आपल्या छातीत फरक काय? बाटलीची भिंत हलत नाही, आपल्या बरगड्या हलतात. फुग्यांभोवती भरपूर मोकळी जागा आहे, फुप्फुसांनी मात्र छाती भरलेली असते. हे फरक मुलांनी स्वतः वहीत लिहिले, तर तो तास सार्थकी लागला.

इथे पहिला आक्षेप येतो की मॉडेलमुळे मुलांच्या डोक्यात चुकीच्या गोष्टी बसतात. अणू म्हणजे छोटी सूर्यमाला, पेशी म्हणजे थर्माकोलची थाळी, असा समज वर्षानुवर्षे टिकतो. आक्षेप खरा आहे, पण त्यावरचा उपाय बेळगावच्या उद्यमबागेतल्या कोणत्याही फाउंड्रीत पाहायला मिळतो. कास्टिंगसाठी वाळूत ठसा उमटवायला जो पॅटर्न करतात, तो हव्या असलेल्या भागापेक्षा जाणून-बुजून थोडा मोठा असतो, कारण ओतलेले बीड थंड होताना साधारण १ टक्का आक्रसते. वाळू न मोडता पॅटर्न वर निघावा म्हणून त्याच्या बाजूंना किंचित उतार देतात. पॅटर्न कुठे, किती आणि का वेगळा आहे, हे कारागीर तुम्हाला मिलिमीटरमध्ये सांगेल. मॉडेल आणि वस्तू यांतला फरक त्याला ठाऊक असतो, म्हणूनच त्याचे मॉडेल उपयोगी पडते. वर्गातही हीच शिस्त हवी. प्रत्येक मॉडेलखाली मुलाने दोन रकाने लिहावेत: हे कशात खऱ्यासारखे आहे आणि कशात नाही. दुसरा रकाना रिकामा असेल, तर काम अपुरे समजावे. उद्यमबागेतला एखादा पॅटर्नमेकर वर्षातून एकदा शाळेत येऊन आपले काम समजावून सांगेल, तर त्या भेटीची तोड कोणत्याही तक्त्याला येणार नाही.

दुसरा आक्षेप वेळेचा आणि परीक्षेचा. पोर्शन संपवायचा आहे, तास चाळीस मिनिटांचा आहे, वर्गात पन्नास-साठ मुले आहेत, अनेक सरकारी शाळांत अतिथी शिक्षकांवर भार आहे. त्यात मातीकाम कधी करायचे? या तक्रारीत तथ्य आहे आणि ती आळशीपणा म्हणून झटकता येणार नाही. याच्याच जोडीला अभ्यासकांचा एक आक्षेप आहे. कर्शनर, स्वेलर आणि क्लार्क यांनी २००६ मध्ये लिहिलेल्या गाजलेल्या लेखात, नवशिक्या मुलांना मार्गदर्शनाविना शोधायला सोडले तर ती फारसे शिकत नाहीत, असे बजावले होते. ते मान्यच करावे. म्हणूनच मी मुलांना सामान देऊन मोकळे सोडा असे म्हणत नाही. प्रश्न शिक्षकांनी निवडायचा, मापे शिक्षकांनी द्यायची, अडलेल्या गटाला पुढचा प्रश्न शिक्षकांनी विचारायचा. आणि सगळे धडे असे शिकवायचेही नाहीत. नावे, व्याख्या, आरोग्याचे नियम सरळ सांगावेत. जिथे मुलांचा अंदाज हमखास चुकतो, असे वर्षाला तीन-चार विषय निवडले तरी पुरे. परीक्षेची अडचण सुटू शकते, हे मध्य प्रदेशाने दाखवले आहे. १९७२ मध्ये होशंगाबाद जिल्ह्यातल्या १६ शाळांत सहावी ते आठवीसाठी प्रयोगांवर आधारलेला विज्ञान कार्यक्रम सुरू झाला, पुढे तो शेकडो सरकारी शाळांत पसरला. त्यात आठवीची परीक्षा पुस्तक उघडे ठेवून द्यायची असे आणि प्रयोगाचीही परीक्षा होई. २००२ मध्ये सरकारने तो बंद केला; पण साध्या ग्रामीण शाळांत तीस वर्षे तो चालला, ही गोष्ट त्यामुळे पुसली जात नाही.

पैशांचा आक्षेप त्या मानाने हलका आहे. होशंगाबादच्या कार्यक्रमातूनच प्रेरणा घेतलेल्या अरविंद गुप्तांनी आगकाड्या आणि सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब यांतून आकार जोडण्याची रीत दिली. चार काड्यांचा चौकोन बोटाने दाबला की कलतो, तीन काड्यांचा त्रिकोण ढिम्म हलत नाही. चौकोनाला कर्ण जोडला की तोही घट्ट होतो, आणि मग छपराच्या कैचीत आणि विजेच्या मनोऱ्यात त्रिकोण का असतात ते मुलांना दिसू लागते. हे सामान सायकलच्या दुकानात आणि किराण्याच्या दुकानात काही रुपयांत मिळते. गुप्तांनी पुढे पुण्याच्या आयुका या खगोलविज्ञान संस्थेतील मुक्तांगण विज्ञान शोधिकेत काम केले. त्या शोधिकेच्या इमारतीला पु. ल. देशपांडे यांच्या प्रतिष्ठानची देणगी आहे, आणि हे पु. ल. एकेकाळी बेळगावच्या राणी पार्वतीदेवी महाविद्यालयात शिकवत होते, हे बेळगावकरांनी विसरू नये. केंद्र सरकारच्या अटल टिंकरिंग लॅबसाठी शाळेला २० लाखांपर्यंत अनुदान मिळते. ज्यांना मिळाले त्यांनी ते जरूर वापरावे. पण थ्री-डी प्रिंटर येईपर्यंत माती, पुठ्ठा आणि आगकाड्या बाजूला ठेवून वाट पाहण्याचे कारण नाही.

आता प्रत्येक घरात मोबाइल आहे, यूट्यूबवर सुंदर ॲनिमेशन आहेत, मग हाताने कशाला करायचे, असेही विचारले जाते. ॲनिमेशन छान असते, पण ते नेहमीच बरोबर असते आणि त्यातच त्याची उणीव आहे. पाहणाऱ्याला चुकण्याची संधीच मिळत नाही. कोलोरॅडो विद्यापीठाच्या फेटसारख्या मोफत सिम्युलेशनमध्ये मूल निदान आकडे बदलून काय होते ते पाहू शकते. तसले काही वापरावे, पण आधी स्वतःचा अंदाज हाताने मांडून झाल्यावर. सीमाभागातल्या मुलांच्या बाबतीत याला आणखी वजन आहे. घरात मराठी, शाळेत मराठी किंवा कन्नड, पुढे इंग्रजी, अशा तीन भाषांतून ही मुले विज्ञान शिकतात. कोणत्याही भाषेत उत्तर पाठ करणे त्यांना जमते आणि तेवढ्याने समजले असा सगळ्यांचा समज होतो. टेबलावर मॉडेल असेल तर मराठी माध्यमाचा आणि कन्नड माध्यमाचा मुलगा एकाच वस्तूकडे बोट दाखवून वाद घालू शकतात. त्या वादात कोण बरोबर हे वस्तूच ठरवते.

आणि मॉडेलसाठी विषय शोधायला आपल्याला दूर जावे लागत नाही. खानापूर तालुक्यातल्या कणकुंबीला मलप्रभा उगम पावते आणि पूर्वेकडे जाऊन कृष्णेला मिळते. त्याच तालुक्यात उगम पावणारी म्हादई गोव्यात मांडवी होऊन अरबी समुद्राला मिळते. म्हादईच्या पाण्याच्या वादासाठी २०१० मध्ये लवाद नेमला गेला आणि २०१८ मध्ये त्याने निवाडा दिला. मुले घरात, पेपरात, सभांत या वादाविषयी ऐकतात, पण एकाच डोंगरावर पडलेला पाऊस दोन समुद्रांना कसा जातो, हे फार थोड्यांनी पाहिलेले असते. उंचीच्या नकाशावरून पुठ्ठ्याचे थर कापून, वर माती लिंपून तो डोंगर करा आणि झारीने पाणी ओता. पाणी कुठल्या धारेवर दुभंगते ते कळेल. मध्येच मातीचा बांध घालून पाणी वळवा आणि खालच्या बाजूला काय होते ते मोजा. निपाणीच्या मुलांनी हेच वेदगंगेसाठी करावे. पूर आला की पाणी आधी कुठे चढते आणि का, याचे उत्तर त्यांच्या आयुष्याशी जोडलेले आहे. दिवाळीत किल्ल्यासाठी वापरलेले सगळे कौशल्य इथे जसेच्या तसे कामाला येते.

त्यामुळे माझी मागणी मोठ्या योजनेची नाही, गुणपत्रिकेतल्या बदलाची आहे. बेळगाव आणि चिक्कोडी या दोन्ही शैक्षणिक जिल्ह्यांतल्या विज्ञान प्रदर्शनांसाठी शिक्षण खात्याने आणि खासगी संस्थांनी याच वर्षी चार नियम करावेत. मॉडेल शाळेच्या वेळेत, गटाने केलेले असावे. ते कोणत्या प्रश्नाचे उत्तर शोधते, हे वर ठळक लिहिलेले असावे. पहिले मॉडेल कुठे फसले आणि दुसऱ्यात काय बदलले, याची वही शेजारी ठेवलेली असावी. आणि शंभरपैकी निदान पन्नास गुण त्या वहीला असावेत; रंगरंगोटीला आणि दिव्यांच्या माळेला शून्य. परीक्षकांनी पाठ केलेले भाषण ऐकू नये, एखादा भाग काढून ‘आता काय होईल?’ असे विचारावे. पालकांनी मुलाच्या हातातले काम आपल्या हातात घेऊ नये, मग ते वाकडे का दिसेना. संस्थाचालकांनी बक्षीस मिळालेल्या मॉडेलबरोबर ती वहीही काचेच्या कपाटात ठेवावी, म्हणजे पुढच्या वर्षीच्या मुलांना काय करायचे ते कळेल. हे नियम करायला नवा निधी लागत नाही की नवी इमारत लागत नाही. आपला अंदाज पुराव्यापुढे टिकला नाही म्हणून तो बदलला, हे अभिमानाने सांगणारी मुले हवी असतील, तर त्यांना त्याबद्दल गुण मिळण्याची सोय आधी आपणच केली पाहिजे.